प्रकाशाने घडलेल्या सिरॅमिकला बळ

सिरॅमिक कठीण असते, पण ठिसूळही. डोळ्यांना न दिसणारी एक भेग पुरते आणि सबंध वस्तू फुटते. थ्रीडी प्रिंटरवर घडवलेल्या सिरॅमिकमध्ये ही जोखीम वाढते, कारण पातळ थरांमधला प्रत्येक जोड कच्चा राहू शकतो.

अशा छपाईसाठी ॲल्युमिना या सिरॅमिकची बारीक भुकटी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेत कालवतात. प्रकाश पडेल तेवढाच भाग कडक होतो आणि त्यावर पुढचा थर चढतो. खरी कसोटी लागते ती भट्टीत. आधी राळ जाळून काढावी लागते. आच घाईने वाढवली, तर आत कोंडलेले वायू थर उकलतात. म्हणून तापमान अगदी सावकाश चढवतात. पुढे सुमारे १६०० अंश सेल्सियसला भुकटीचे कण एकमेकांना सांधले जातात आणि वस्तू बरीच आकसते.

ऑस्ट्रियातील लेओबेनच्या विद्यापीठातील संशोधकांनी व्हिएन्नाच्या लिथोझ कंपनीच्या साथीने भेगांना आवर घालण्यासाठी थरांची एक वेगळी मांडणी केली. बाहेरचे थर ॲल्युमिनाचे आणि मधले झिर्कोनिया हे दुसरे सिरॅमिक मिसळलेल्या ॲल्युमिनाचे. थंड होताना मधला भाग जास्त आकसतो आणि बाहेरच्या थरांना दाबून धरतो. दाबाखालची भेग सहजासहजी उघडत नाही.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात निव्वळ ॲल्युमिनाची ताकद सुमारे ६५० मेगापास्कल भरली, तर या थरांच्या रचनेची जवळपास १००० मेगापास्कल. नवे द्रव्य न शोधता, केवळ थरांच्या क्रमातून मिळालेले हे बळ मोलाचे आहे.