काजळीचा ढोल आणि नवे यंत्र

बी. एस्सी.च्या वर्गात प्राण्यांचे शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना काजळीचा ढोल अजून आठवत असेल. ढोलावर कागद ताणून बसवावयाचा, तो धुरावर काळा करावयाचा आणि बेडकाच्या पोटरीच्या स्नायूचे आकुंचन तरफेच्या टोकाने त्यावर उमटवून घ्यावयाचे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ च्या सुमारास प्रचारात आणलेले हे यंत्र पुढे शतकाहून अधिक काळ प्रयोगशाळांतून फिरत राहिले.

२०११ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांवरील असे प्रयोग टप्प्याटप्प्याने थांबविण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. बेडूक वाचला, हे इष्टच झाले. ढोलाच्या जागी आता संगणक आणि त्याला जोडलेली संवेदक उपकरणे आली आहेत. विद्यार्थी स्वतःच्याच हातावर प्रयोग करू शकतो. परंतु या सोयीत एक धोका दडलेला आहे.

मज्जातंतूतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजणे अशक्य आहे, असे एके काळी थोर शास्त्रज्ञही मानीत. १८५० साली हेल्महोल्ट्झ यांनी तो बेडकाच्या मज्जातंतूत मोजला. सेकंदाला सुमारे २७ मीटर. त्यांची युक्ती साधी होती. मज्जातंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा दूर उत्तेजित करावयाचे. स्नायूला स्वतःला लागणारा वेळ दोन्ही वेळी सारखाच असतो. म्हणून वजाबाकीत तो नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ प्रवासाचा काळ.

हाच प्रयोग आज शिक्षकांच्या देखरेखीखाली माणसाच्या हातावर करता येतो. मनगटाशी आणि कोपराशी विजेचा सौम्य झटका द्यावयाचा व अंगठ्याच्या स्नायूचा प्रतिसाद टिपावयाचा. दोन जागांतील अंतर २४ सेंटिमीटर आणि काळातील फरक ४ सहस्रांश सेकंद असेल, तर वेग सेकंदाला ६० मीटर. यंत्र हा भागाकार स्वतःच करून देते. विद्यार्थी जर्नलमध्ये ‘६०’ लिहून मोकळा होतो. पण ‘झटका दोन जागी कशासाठी दिलास?’ असे विचारताच तो गप्प बसला, तर प्रयोग यंत्राने केला, त्याने नव्हे.

जुना ढोल हट्टी होता. तरफेचे टोक जरा अधिक टेकले तरी रेषा खुजी उमटे, आणि चूक कोठे झाली हे शोधावेच लागे. नव्या प्रयोगशाळेत ही शिस्त आपण मुद्दाम जपली पाहिजे. अंतर विद्यार्थ्याने पट्टीने मोजावे, आलेखावरचे बिंदू स्वतः निवडावे, भागाकार कागदावर करावा आणि त्यानंतरच यंत्राचे उत्तर पाहावे. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर खरा तास तेथूनच सुरू होईल.