हवेची वाट



30 मे 1952 रोजी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत सगळ्यात पुढच्या जागेवर एक डिझेल गाडी उभी होती. गाडी कमिन्स कंपनीची, चालक फ्रेड अगाबाशियन. 1962 साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात आलेली कमिन्स ती हीच. तिचं मूळ गाव कोलंबस, इंडियाना राज्यातलंच. गाडीचं 6.6 लिटरचं इंजिन मुळात ट्रकचं होतं. गाडी बुटकी राहावी म्हणून ते आडवं निजवलं होतं, आणि त्याला टर्बो बसवला होता. पात्रता फेरीत तिने ताशी 138 मैलांचा वेग काढला. शर्यतीत मात्र 200 पैकी 71 फेऱ्यांनंतर ती थांबली. टर्बोचं हवा ओढणारं तोंड गाडीच्या नाकाशी, खाली होतं. टायरांच्या झिजलेल्या रबराचा कचरा त्यात जाऊन बसला आणि इंजिनाचा श्वास कोंडला.

आज मला जे सांगायचं आहे, ते सगळं या गोष्टीत आहे. टर्बोचं दुखणं बहुतेक वेळा टर्बोच्या बाहेर असतं.

टर्बो करतो काय? इंजिनातून बाहेर पडणारा धूर तापलेला आणि जोरकस असतो. एरवी तो सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोत हा धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. मध्ये पट्टा नाही, गिअर नाही. भरल्या ट्रकचा टर्बो मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, आणि तो दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना, तशी दाबलेली हवाही तापते. म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून आत सोडतात. थंड हवा घट्ट, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू जास्त, म्हणजे जास्त डिझेल नीट जळतं.

टर्बोच्या या कामाचा पडताळा अमेरिकेत 1918 साली घेतला गेला. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन कोलोराडोतल्या पाइक्स पीकवर, 14,000 फुटांवर नेलं. सपाटीवर 350 अश्वशक्तीचं ते इंजिन तिथल्या विरळ हवेत 230वर आलं. टर्बो जोडल्यावर त्याने 356 दिली. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो.

त्याच कोलोराडोत डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-70 महामार्ग आयझेनहॉवर बोगद्याशी 11,000 फुटांच्या वर पोचतो. ट्रकचं भरलेलं वजन 80,000 पौंड, म्हणजे आपले 36 टन. टर्बोची खरी परीक्षा त्या चढावर. मी तिकडे एका वर्कशॉपमध्ये काम करत होतो, तेव्हा एक पंजाबी ड्रायव्हर आले. गाडी चढ घेत नाही, पिकअप नाही. दुसऱ्या एका गॅरेजात महिन्यापूर्वीच हजारो डॉलर घालून नवा टर्बो बसवलेला. तक्रार जशीच्या तशी!

‘‘पाजी, काळा धूर येतो का?’’ मी विचारलं. नाही म्हणाले. येणारच नव्हता. तिकडच्या 2007 पासूनच्या ट्रकांना धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. हवा कमी पडून डिझेल अर्धवट जळलं तरी काळं काही बाहेर दिसत नाही. पण मग साचलेली काजळी जाळून तो फिल्टर वरचेवर स्वतःला साफ करू लागतो. ‘‘हो, ते मात्र फार वाढलंय,’’ ते म्हणाले.

मग हवेच्या वाटेने निघालो. एअर फिल्टर ठीक. धुराच्या बाजूला, इंजिन आणि टर्बो यांच्यामध्ये गॅस्केट फुटलं तर तिथे काजळीचा ओघळ उमटतो, तोही नव्हता. टर्बोतल्या हलत्या पात्या काजळीने अडकतात, त्या मोकळ्या होत्या. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, मोजणारा सेन्सरही साफ होता. उरला इंटरकूलर आणि त्याचे होज. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो. आम्ही दोन्ही टोकं बंद करून आत 30 पौंड हवा भरली आणि साबणाचं पाणी मारत गेलो. खालच्या होजच्या पोटाशी, क्लॅम्पला लागून, तेलकट धूळ चिकटली होती. तिथे फेस आला. बोटभर चीर, दाब नसताना तिचे ओठ मिटलेले, दाब आला की उघडणारे. गाडी जागेवर चालू ठेवून कितीही वाकून बघितलं असतं तरी दिसली नसती.

होज बदलला, क्लॅम्प बदलला. हवा पुन्हा भरली, दाबाचा काटा हलला नाही.

त्या गॅरेजात काढलेला जुना टर्बो त्यांच्याकडेच राहिला होता, तो त्यांनी गाडीतून आणून दिला. मी दांडा धरून आडवा हलवला. किंचित खेळला. तेवढा खेळ ऑइलच्या थरासाठी ठेवलेलाच असतो. पुढे-मागे ओढला, तर जाणवण्याइतकाही सरकला नाही. चाकाला बोटाने फिरकी दिली. कुठेही न घासता ते फिरत राहिलं, आणि एकही पातं खाल्लेलं नव्हतं.