कैसरचे आजोळ भायखळ्यात



आजच्या व्याख्यानाचा विषय जर्मन बादशहा हा आहे. फलकावर तो वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, कोठे बर्लिन आणि कोठे लालबाग! परंतु आपण येथून चालत अर्ध्या तासात जाऊन ज्याच्या आजीला, आजोबांना आणि मामाला पाहून येऊ शकतो, असा जगात एकच जर्मन बादशहा होऊन गेला. त्याचे आजोळ आपल्या भायखळ्याला, राणीच्या बागेत आहे. ही थट्टा नव्हे. ते कसे, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम दोन शब्द त्या घराण्याविषयी. ज्याला आपण जर्मन साम्राज्य म्हणतो ते वयाने फार लहान. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात त्याची घोषणा झाली. म्हणजे बारसे झाले ते हरलेल्या फ्रेंचांच्या घरात. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी ते संपले. पुरती अठ्ठेचाळीस वर्षेही भरली नाहीत. एवढ्या काळात गादीवर तीन पुरुष बसले, आणि गंमत अशी की १८८८ या एकाच सालाने तिघांचेही राज्य पाहिले. मार्चमध्ये म्हातारा पहिला विल्हेल्म वारला. मुलगा तिसरा फ्रेडरिक गादीवर आला तो घशाचा कर्करोग घेऊनच. त्याला बोलता येत नसे. चिठ्ठ्या लिहून तो कारभार करी. नव्व्याण्णव दिवसांत तोही गेला, आणि जूनमध्ये त्याचा एकोणतीस वर्षांचा मुलगा दुसरा विल्हेल्म बादशहा झाला. १९१४ सालच्या महायुद्धातला 'कैसर' तो हाच.

या दुसऱ्या विल्हेल्मची आई कोण? इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी. तिचेही नाव व्हिक्टोरियाच. १८५८ साली तिचे प्रशियाच्या फ्रेडरिकशी लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी विल्हेल्म जन्मला. राणीचे हे पहिले नातवंड. तेव्हा राणी त्याची आजी, तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट हे आजोबा, आणि राणीचा थोरला मुलगा एडवर्ड हा त्याचा सख्खा मामा.

आता चला राणीच्या बागेत. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे; १८७२ साली ते उघडले तेव्हा त्याला राणीचे आणि अल्बर्टचे नाव होते. आत गेलात की समोर संगमरवरी अल्बर्ट उभे आहेत, हे आजोबा. बाहेर आवारात राणी बसली आहे, ही आजी. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी हा पुतळा शहराला दिला होता. पूर्वी तो फोर्टात, तारऑफिसाजवळ होता. १८९६ साली दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली, तो हाच पुतळा. आणि बागेत घोड्यावर बसलेला स्वार आहे तो मामा, एडवर्ड. हा पुतळा आल्बर्ट ससूनने दिला आणि १८७९ साली फोर्टात बसवला. मुंबईकरांनी त्यात स्वाराकडे लक्षच दिले नाही. त्यांनी चौकाला नाव दिले ते घोड्याचे, काळा घोडा! १९६५ साली स्वारासकट घोडा बागेत आला. चौकाचे नाव मात्र तेथेच राहिले, आणि २०१७ साली तेथे नवा घोडा उभा केला तो स्वाराविनाच.

हा मामा आपल्या परळलाही राहून गेला आहे. ८ नोव्हेंबर १८७५ रोजी, युवराज असताना, तो मुंबईला उतरला. त्या वेळी गव्हर्नरांचा वाडा परळला होता. आज जेथे हाफकिन संस्था आहे तोच. तेथे त्याचा मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ९ नोव्हेंबरला, त्याचा चौतिसावा वाढदिवस येथेच साजरा झाला, राजेरजवाडे भेटीला आले. ही तारीख ध्यानात ठेवा. पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे. आणि मामाचे नाव परळने आणखी एका ठिकाणी जपले आहे. केईएम म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल, हे अक्षरांच्या मागे लपलेले नाव त्याचेच. १९२६ साली ते रुग्णालय उघडले. देणगीदारांनी तेथे हिंदी डॉक्टरच नेमावेत अशी अट घातली होती. नाव राजाचे आणि अट प्रजेची. आपल्या लोकांना ही युक्ती चांगली साधत असे.

आता त्या 'कैसर' शब्दाकडे वळू. रोमच्या सीझरचे नाव जर्मनांनी घेतले तेव्हा त्याचे कैसर झाले. फारसी-उर्दूत तेच नाव कैसर म्हणूनच आले. १८७१ साली जर्मनीत बादशहा झाला आणि विंडसरच्या राजवाड्यात एक अडचण उभी राहिली. आपली मुलगी एके दिवशी बादशहाची राणी होणार, आणि आई मात्र साधी राणीच राहणार! मानपानाच्या पंगतीत मुलगी आईच्या वरच्या पाटावर बसणार! राणीला बादशाही किताब हवासा वाटण्याची जी कारणे इतिहासकार देतात त्यांत हेही एक आहे. डिझरायलीने १८७६ साली कायदा केला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरवून राणी 'कैसर-ए-हिंद' झाली. हा देशी किताब सुचवला लाहोरच्या कॉलेजातल्या लाइटनर नावाच्या पंडिताने. तो जन्माने हंगेरीतला. जुन्या राणीछाप रुपयावर 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आले, त्याचा एक धागा असा बर्लिनपर्यंत जातो.

पण मंडळी, हा मायलेकींचा मानपान चालला होता तेव्हा दख्खनमध्ये काय चालले होते? १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ. लोक गावे सोडून निघाले होते, लाखोंनी मेले. त्या दिल्ली दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, गेले ते हाताने कातलेल्या सुताची जाडीभरडी वस्त्रे अंगावर घालून. हिऱ्यामोत्यांच्या त्या गर्दीत आपल्या देशाचे खरे चित्र कोणी नेले असेल तर त्या एका वेषाने.

पुन्हा कैसरकडे येऊ. विल्हेल्म आजीचा लाडका होता, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण आजीवर त्याचा जीव होता. जन्मतःच त्याचा डावा हात अधू झाला होता. १९०१ च्या जानेवारीत आजी अत्यवस्थ असल्याचे कळताच तो इंग्लंडला धावत गेला, आणि ती गेली तेव्हा आपल्या धड उजव्या हाताचा आधार तिला देऊन तो कितीतरी वेळ बसून होता. मामाशी मात्र त्याचे कधी पटले नाही.

मामाचा मुलगा पाचवा जॉर्ज. इंग्रजीत एकच 'कझिन' शब्द. आपण सांगतो तसे नाते त्यात उमगत नाही. आपल्या भाषेत जॉर्ज हा विल्हेल्मचा मामेभाऊ, आणि रशियाची झारीण त्याची मावसबहीण. २४ मे १९१३ रोजी कैसरच्या मुलीचे बर्लिनला लग्न झाले. या लग्नाला मामेभाऊ जॉर्ज आला, मावसबहिणीचा नवरा झारही आला. हे तिघे एकत्र जमले ते शेवटचे.

त्याच मे महिन्यात आपल्या गिरगावात काय घडत होते? ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. कॉरोनेशन म्हणजे राज्याभिषेक, आणि पडद्यावर कथा राज्य सोडणाऱ्या राजाची! या चित्राच्या मागेही जर्मनी आहे. फाळके आधी छापखान्याच्या धंद्यात होते, आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला जाऊन आले होते. दादरचा त्यांचा लक्ष्मी आर्ट छापखाना त्या यंत्रांचा. त्याही आधी, १८९४ साली, राजा रविवर्म्याने गिरगावात छापखाना काढला तो जर्मन यंत्रांवर. श्लायखर नावाचा जर्मन कारागीर तेथे काम करी, आणि पुढे तो छापखाना त्यानेच विकत घेतला. आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे कैसरच्या प्रजाजनाच्या हातची! राजाराजांची सोयरीक आणि कारागिरांची ओळख, यांतले अधिक टिकाऊ काय, याचे उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले.

ऑगस्ट १९१४ मध्ये आतेभाऊ-मामेभावांचे युद्ध जुंपले. विल्हेल्म तोवर इंग्रजी आरमाराचा मानद ॲडमिरल होता! आणि शब्दाची विटंबना पाहा: शत्रूचे नाव कैसर, आणि येथे आपल्यावर राज्य करणाऱ्या जॉर्जचा किताब कैसर-ए-हिंद. कैसरने कैसरशी लढायचे, आणि मरायचे कोणी? १९१५ साली गांधीजींना सरकारने सुवर्णपदक दिले त्याचेही नाव कैसर-ए-हिंदच. ते पदक त्यांनी व्हाइसरॉयला परत धाडले ते १ ऑगस्ट १९२० च्या पत्राने. त्याच दिवशी सरदारगृहात लोकमान्य गेले होते, आणि गिरगावच्या चौपाटीवर मुंबई लोटली होती. १९१७ साली जॉर्जने आपल्या घराण्याचे जर्मन नाव टाकून 'विंडसर' हे नाव घेतले. आडनाव बदलल्याने रक्त बदलत नाही, पण युद्धात लोक एवढ्यावरही समाधान मानतात.

मघाशी विचारले, मरायचे कोणी? १९१४ च्या ऑक्टोबरापासून पुणे डिव्हिजनच्या पलटणी मुंबई बंदरातून इराकच्या वाटेला लागल्या. त्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे जवान. ज्या गावांतून गिरणगावच्या खोल्या भरत होत्या त्याच गावांतून या पलटणीही भरत होत्या. एक भाऊ साच्यावर, दुसरा संगिनीवर. डिसेंबर १९१५ पासून कुत या गावात ते वेढ्यात सापडले. समोर सैन्य तुर्की, पण त्याचा सेनापती कैसरचा म्हातारा फील्डमार्शल फॉन डेर गोल्ट्झ. धान्य संपले, घोडी कापण्याची पाळी आली. आपल्या शिपायांपैकी कितीतरी जणांनी ते मांस बराच काळ नाकारून उपासमार पत्करली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली, आणि वाळवंटातल्या कैदेच्या वाटेवर हजारो कायमची राहिली. त्यांचे बर्लिनच्या नातवाशी काय वैर होते? लंडनच्या नातवाशी तरी काय नाते होते?

शेवट ठाऊकच आहे. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी कैसरचे राज्य गेले. मामाच्या वाढदिवशी! ज्या दिवशी परळच्या वाड्यात राजेरजवाडे मुजऱ्याला उभे होते, त्याच तारखेला त्रेचाळीस वर्षांनी भाच्याची गादी गेली. दुसऱ्या दिवशी तो हॉलंडमध्ये पळाला, आणि पुढे डोर्न या गावी लाकडे फोडीत एकवीस वर्षे जगून ४ जून १९४१ रोजी अंथरुणावर मेला. कुतच्या शिपायाला एवढेही लाभले नाही.

मंडळी, राणीच्या बागेत मुलांना घेऊन आपण जातोच. पुढच्या वेळी प्राणी दाखवून झाल्यावर कैसरचे हे आजोळही त्यांना दाखवा. आजोबा, आजी, मामा तिघेही भेटतील. पण तेथून परत घरी येऊ नका. आणखी थोडे पुढे मशीदबंदरला जा. तेथे खलाशांच्या घरात, सेलर्स होममध्ये, एक स्मारक आहे. १९१४ ते १८ च्या युद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना दर्याखेरीज दुसरी समाधी नाही अशा दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची नावानिशी आठवण तेथे ठेवली आहे. त्यांचे घोड्यावर बसलेले पुतळे नाहीत, आणि त्यांच्या नावाने चौक नाहीत. मुलांनी विचारले की, हे कोण? तर सांगा की, त्या बागेतल्या कुटुंबात एकदा भांडण झाले, त्याचे मोल यांनी दिले.