बाळाला पाण्यात नेताना: 'घेतली?' 'घेतली!'

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर बाळाला मांडीवर झोपवून एकाच कानात इयरफोन घालून ऐकत असाल. आवाज थोडा कमी ठेवा, बाळ उठलं तर मला शिव्या देऊ नका.

आजचा विषय आमच्या घरातलाच आहे. माझी लेक दहा महिन्यांची आहे आणि गेल्या महिन्यापासून आम्ही तिला पोहण्याच्या क्लासला नेतोय. हो, दहा महिन्यांच्या बाळाला. हे सांगितल्यावर लोकांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, "अरे वा, म्हणजे आता ती पोहायला शिकणार!" दुसरा म्हणतो, "डोकं फिरलंय का तुमचं?" आज मला दोन्ही गटांशी बोलायचंय, कारण या क्लासमध्ये नक्की कोण काय शिकतं, हे मला आत गेल्यावरच कळलं.

आधी पहिल्या गटाकडे येऊ. "बाळांना जन्मतःच पोहता येतं" हे तुम्ही रील्समध्ये शंभर वेळा बघितलं असेल. 'निर्वाणा' बँडचा १९९१चा तो अल्बम आठवतोय? 'नेव्हरमाइंड'. त्याच्या कव्हरवर निळ्या पाण्यात एक बाळ मस्त तरंगताना दिसतं. या समजुतीत थोडं तथ्य आहे. अगदी लहान बाळाला पाण्यात धरलं की ते हातपाय मारतं आणि पाणी तोंडावर आलं की क्षणभर श्वास रोखतं. मर्टल मॅकग्रॉ नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९३९ साली याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. पण ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, बोटावर बाळाची मूठ आपोआप आवळते ना, तशी. पहिल्या काही महिन्यांत ती ओसरत जाते. आणि ती असतानाही बाळाला डोकं वर काढून श्वास घेता येत नाही. मग त्याला पोहणं म्हणायचं कसं?

आपल्याकडची जुनी पद्धत आठवा. माझे बाबा सांगली जिल्ह्यातल्या गावात, विहिरीत पोहायला शिकले. वय सात. उन्हाळ्याची सुट्टी, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधलेला, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावर उभ्या असलेल्या चुलत्याच्या हातात. कुणाच्या पाठीला डबा असायचा, कुणाच्या सुकलेला भोपळा. पुण्यातल्या कितीतरी लोकांनी टिळक टँकवर हातपाय मारले. पण हे सगळे शाळेत जाणारे, सांगितलेलं कळणारे. दहा महिन्यांच्या बाळाला काय सांगणार, "पाय मार, मान वळव"? तिला अजून "नको" म्हणजे नक्की काय तेही पटलेलं नाही.

मग क्लासमध्ये होतं काय?

आमचा पूल बंदिस्त आहे आणि पाणी कोमट, साधारण ३२ अंश. बाळं सहा, प्रत्येकासोबत आई किंवा बाबा पाण्यात. वेळ अर्धा तास. पण पहिल्या दिवशी ताईंनी (आम्ही कोचना ताई म्हणतो) आम्हाला दहा-पंधरा मिनिटांतच बाहेर काढलं. सगळ्यात आधी मोबाइल लॉकरमध्ये ठेवायला लावले. एक बाबा म्हणाले, "एकच फोटो." ताई म्हणाल्या, "फोटो बाहेर बसलेल्यांनी काढा. पाण्यात उतरलेल्याचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे बाळाचे."

मग पायरीवर बसून पाय भिजवले. मगातून खांद्यावर पाणी, मग पाठीवर. लेकीने आधी ओठ काढला, मग एक जोरदार किंकाळी. ताई शांतपणे म्हणाल्या, "छातीशी घ्या, गाणं म्हणा, घाई नाही." मला त्या क्षणी एकही बडबडगीत आठवेना. शेवटी मी गणपतीची आरती म्हटली. शेजारच्या आईला हसू फुटलं, पण लेक गप्प झाली आणि पाण्यावर चापट्या मारायला लागली.

पुढे काखेत धरून समोरासमोर फिरवणं, डोकं आपल्या खांद्यावर ठेवून उताणं तरंगवणं, कठड्यावर बसवून "एक, दोन, तीन, ये" म्हणून मगच पाण्यात घेणं. हे शेवटचं महत्त्वाचं. "ये" ऐकल्याशिवाय पाण्यात यायचं नाही, ही सवय ताईंना लावायचीय. बाळाला बुडवणं मात्र अजिबात नाही. बाळाच्या तोंडावर फुंकर मारून त्याला पाण्याखाली नेतात, असे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. ताई ते करत नाहीत. लहान बाळं पाणी गिळतात, आणि खूप पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. हा खरा धोका आहे.

आणि एक नियम होता, ज्याची मला आधी गंमत वाटली होती. बाळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देताना देणाऱ्याने मोठ्यांदा विचारायचं, "घेतली?" घेणाऱ्याने मोठ्यांदा सांगायचं, "घेतली." उत्तर कानावर येईपर्यंत हात सोडायचा नाही. नुसती मान हलवलेली चालत नाही. पूलभर आपलं "घेतला?", "घेतला!", "घेतली?", "घेतली!" चालू. भाजी मंडईत लिलाव चाललाय असं वाटतं.

आता दुसऱ्या गटाकडे येतो. त्यात माझी आई होती. तिने क्लासला विरोध केला, पण कारण दिलं नाही. फक्त म्हणाली, "पोरीला पाण्याचं वेड लावू नकोस." मला वाटलं, सर्दीची भीती असेल. मग मावशीचा फोन आला. तिने जे सांगितलं, ते मी तीस वर्षांत आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. आईला सगळ्यात धाकटा एक भाऊ होता. दीड वर्षाचा. घरात लग्न होतं, अंगणात मांडव, पाहुणे, आचारी, पोरांचा गोंधळ. आजीला वाटलं तो काकूकडे आहे, काकूला वाटलं मोठ्या बहिणीकडे. अंगणातला हौद कमरेइतकाही खोल नव्हता. मावशी म्हणाली, "कुणालाच काही ऐकू आलं नाही रे. घरात पन्नास माणसं होती."

आईने आणि आजोबांच्या घरातल्या कुणीच त्या मुलाचं नाव पुन्हा घेतलं नाही. मी आईपाशी काही बोललो नाही. पण मला तो "घेतली?"चा नियम तेव्हा कळला. पन्नास माणसं होती, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याकडे आहे. म्हणजे बघणारं कुणीच नव्हतं.

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, "वाचवा" म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात लहान मूल आवाज न करता बुडतं. ओरडायला श्वास लागतो, आणि श्वासच मिळत नसतो. तान्ह्या आणि रांगत्या मुलांचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून तोल गेला तर त्यांना परत वर येता येत नाही. त्याला विहीर लागत नाही, नदी लागत नाही. काही इंच पाणी पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यातली जवळजवळ पाव पाच वर्षांच्या आतली मुलं होती.

मग क्लासने हे टळतं का? सरळ सांगतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१० पर्यंत म्हणायची, चार वर्षांच्या आतल्या मुलांना औपचारिक शिकवणी नको. नंतर त्यांनी मत बदललं. आता त्या म्हणण्यानुसार एक वर्षाच्या पुढच्या मुलांना शिकवणीचा फायदा होऊ शकतो. पण एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या वर्गांमुळे बुडण्याचा धोका कमी होतो, याला पुरावा नाही. म्हणजे माझी लेक क्लासला जाते म्हणून ती पाण्यापासून सुरक्षित झाली, असं मी एक दिवसही समजणार नाही. तुम्हीही समजू नका.

बांगलादेशात ग्रामीण भागात घराच्या मागेच तळं असतं आणि लहान मुलं बुडण्याचं प्रमाण खूप. संशोधकांनी बघितलं, बहुतेक मुलं सकाळच्या वेळात, आई कामात असताना जातात. मग गावातच पाळणाघरं सुरू केली, साधारण सकाळी ९ ते दुपारी १. नाव ठेवलं 'आंचल', म्हणजे पदर. महागडं यंत्र नाही, पूल नाही. फक्त त्या चार तासांत मुलांवर नजर ठेवायला एक ठरलेली बाई. या मुलांमध्ये बुडण्याचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. लहानांना वाचवलं ते नजरेने. पोहायला शिकवायचं ते थोडं मोठं झाल्यावर.

तरी आम्ही क्लासला का जातो? एक तर लेकीला मजा येते. तो अर्धा तास ती आणि मी, मध्ये फोन नाही. आणि मला पाण्यापाशी कसं वागायचं याचा सराव होतो. हा क्लास बाळापेक्षा आईबाबांचाच जास्त आहे.

तुम्हाला जायचं असेल तर थोडक्यात सांगतो. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. पूल बंदिस्त आणि पाणी कोमट हवं. आपले उघडे, गार पाण्याचे टँक या वयाला नाहीत. पहिल्या वेळी दहा मिनिटं पुष्कळ. ओठ निळसर दिसले किंवा बाळ कुडकुडलं तर लगेच बाहेर, टॉवेल आधीच उघडून ठेवा. दूध पाजल्यावर लगेच उतरू नका. स्विम डायपर घाला, साधा डायपर पाणी पिऊन फुगतो. जुलाब होत असतील तर पूर्ण बरं होईपर्यंत पूल बंद, इतर बाळांसाठीसुद्धा. पूलमध्ये नाकात झोंबणारा 'क्लोरीनचा' वास येत असेल तर "वा, स्वच्छ आहे" म्हणू नका. तो वास घाम-लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन येतो. आणि गळ्यात घालायच्या त्या फुगवायच्या रिंगा ऑनलाइन गोड दिसतात, पण घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली त्यांच्याबद्दल इशारा दिलाय. हवा गेली किंवा बाळ सटकलं की संपलं.

परवा तिसऱ्या आठवड्यात आई स्वतःहून म्हणाली, "मी येते." काठावर खुर्ची घेऊन बसली, पदर घट्ट खोचून. अर्धा तास तिची नजर हलली नाही. नंतर ताईंना म्हणाली, "तुम्ही ते विचारायला लावता ना, ते बरं करता." बाहेर आल्यावर मी लेकीला टॉवेलात गुंडाळून आईकडे दिलं. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "घेतली. सोड आता."

आता आमच्या घरी पूल नसतानाही हे चालतं. मी अंघोळीला जाताना, बायकोला फोन आला तर, दारात पार्सलवाला आला तर. "घेतली?" "घेतली." पाहुणे हसतात. हसू देत.

तर मंडळी, आजचा गृहपाठ छोटा आहे. हा भाग संपला की उठा आणि बाथरूममधली भरलेली बादली रिकामी करून उलटी ठेवा. ड्रमला झाकण आहे का बघा. घरात बाळ नसेल तरी चालेल, पाहुण्यांचं येतंच की. आणि तुम्ही पोहायला कुठे शिकलात, विहिरीत, नदीत की टँकवर, ते मला व्हॉइस नोटने नक्की कळवा. डबा होता की भोपळा, तेही सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!