कॅथलिक शाळेतली मूल्यं कुठे शिकली जातात? परिपाठात की मधल्या सुट्टीत?

लोकलमध्ये असाल, रिक्षाच्या रांगेत असाल किंवा रात्री जेवून गच्चीवर फेऱ्या मारत असाल, आजचा एपिसोड जरा निवांत ऐका. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे इथे लिहूनही देतोय. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, तेव्हा मधेच एखादं 'बघा' किंवा 'म्हणजे' आलं तर चालवून घ्या.

आजचा विषय आहे कॅथलिक प्राथमिक शाळा. आता हे शब्द उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? कॉन्व्हेंट. टाय, पॉलिश केलेले बूट, फाडफाड इंग्रजी आणि कडक सिस्टर. पण मला आज बोलायचंय ते वसईतल्या मराठी माध्यमाच्या कॅथलिक शाळांबद्दल. हो, अशा शाळा आहेत. चर्चच्या शेजारी कौलारू किंवा स्लॅबची इमारत, समोर मैदान, आणि वर्गात फळ्यावर बाराखडी. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण एक टक्का. त्यातले बरेच जण मराठीच जगतात, मराठीतच प्रार्थना करतात, भांडतातही मराठीत. हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीज गेले, पण इथले ख्रिस्ती लोक इथेच राहिले, कारण ते इथलेच होते. सामवेदी, वाडवळ, कोळी असे त्यांचे समाज. कुणाच्या घरी कादोडी बोलतात, कुणाच्या घरी वाडवळी. शेती, बागायत, मासेमारी हे व्यवसाय. आणि गावाचा केंद्रबिंदू म्हणजे धर्मग्राम: चर्च, त्याच्या बाजूला शाळा आणि मागे दफनभूमी. बारशापासून मातीपर्यंत सगळं एका आवारात.

त्यामुळे इथली शाळा गावापासून वेगळी काढता येत नाही. चर्चचे फादर बऱ्याचदा शाळेचे व्यवस्थापक असतात. शिकवणाऱ्या बाई शेजारच्याच गावातल्या. पोरगं दोन दिवस शाळेत आलं नाही, तर बाईंना फोन करावा लागत नाही. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारातच आजी भेटते आणि सांगते, "अहो बाई, त्याला ताप होता." हे आहे सामुदायिक जीवन. त्यात ऊब आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी पंचाईतही आहे, कारण सगळ्यांना सगळं कळतं!

आता मुद्द्यावर येऊ. अशा शाळेत मूल्यं शिकवतात असं सगळेच म्हणतात. प्रेम, सेवा, क्षमा, प्रामाणिकपणा. भिंतीवर रंगवलेली असतात. पण सहा-सात वर्षांचं मूल भिंत वाचून शिकतं का? मला वाटतं, ते बघून शिकतं. कोण कुणाशेजारी बसतं, कुणाला आधी बोलावतात, कुणावर ओरडतात, हे ते बारकाईने बघत असतं. म्हणून आपण शाळेच्या दिवसातल्या चार जागा बघू.

पहिली जागा: खिचडीची रांग. अनुदानित शाळेत शालेय पोषण आहार असतो, हे तुम्हाला माहीत आहे. मधल्या सुट्टीत ताटं घेऊन पोरं रांगेत. आता या रांगेत कोण कोण असतं बघा. बागायतदाराचा नातू, कोळीवाड्यातली मुलगी, वारली पाड्यावरून चालत आलेला मुलगा, आणि बांधकामावर काम करायला आलेल्या परप्रांतीय मजुराचं लेकरू. बाप्तिस्मा झाला म्हणून जात पुसली जाते असं नाही, हे आपल्या समाजातली लग्नं बघितली तरी कळतं. घरात 'ते आपल्यातले नाहीत' हे वाक्य मुलाच्या कानावर पडलेलं असतं. मग शाळेत सगळे एकाच ओळीत मांडी घालून एकाच पातेल्यातलं खातात, तेव्हा त्या वाक्याला पहिल्यांदा कुणीतरी उत्तर देतं. पण एक अट आहे. एखाद्या शाळेत बरी परिस्थिती असलेली मुलं घरचा डबा वेगळ्या कोपऱ्यात खात असतील आणि खिचडी फक्त गरिबांची म्हणून ठरली असेल, तर तीच मधली सुट्टी उलटा धडा शिकवते. रोज. न बोलता. बाईंनी स्वतः वाटीभर खिचडी घेऊन मुलांमध्ये बसणं हा यावरचा सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय आहे.

दुसरी जागा: उपवासकाळातला डबा. ईस्टरच्या आधीचे 40 दिवस कॅथलिक लोक त्याग आणि प्रार्थनेचे मानतात. या काळात अनेक शाळांमध्ये वर्गात एक डबा ठेवतात. मुलांनी गोळ्या-चॉकलेटचे पैसे वाचवून त्यात टाकायचे आणि ते गरजूंना द्यायचे. कल्पना सुंदर आहे. पण कुणी किती टाकले याची यादी फळ्यावर लागली, की त्यागाची स्पर्धा होते. ज्याच्या खिशात पैसेच नाहीत, तो पोरगा मान खाली घालतो. आणि गंमत बघा, ज्या गरजूंसाठी डबा भरायचा, त्यांच्यातलाच एक जण त्याच बाकावर बसलेला असू शकतो. म्हणून डब्यावर नाव नको, यादी नको. पैसे नसतील तर दुसरं काहीतरी देता येतं. आजारी मित्राची वही लिहून देणं, आजीला विहिरीवरून पाणी आणून देणं. पहिलीतल्या मुलाला हे लगेच कळतं. मोठ्यांनाच समजवावं लागतं.

तिसरी जागा जरा नाजूक आहे: धर्मशिक्षणाचा तास. कॅथलिक शाळांमध्ये साधारणपणे असं असतं की कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षण आणि त्याच वेळी बाकीच्यांसाठी मूल्यशिक्षण. यामागे कायदाही आहे. घटनेचं कलम 30 अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. आणि कलम 28 सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. दोन्ही कलमं लागतात. म्हणजे शाळेला आपली ओळख जपता येते आणि मुलाची श्रद्धाही सुरक्षित राहते.

पण मुलाच्या नजरेतून बघा. घंटा होते, अर्धा वर्ग उठून दुसऱ्या खोलीत जातो. सात वर्षांचं पोर विचारतं, "बाई, आम्ही का नाही जायचं?" या प्रश्नाला बाई काय उत्तर देतात, त्यावर बरंच काही ठरतं. "तो तुमचा तास नाही" हे एक उत्तर झालं. "प्रत्येकाच्या घरी देवाशी बोलायची वेगळी रीत असते, ते त्यांची शिकतायत, तू तुझी आम्हाला सांग" हे दुसरं. पहिल्याने भिंत बांधली जाते, दुसऱ्याने दार. नाताळात गोठा बनवायला सगळी मुलं हात लावतात, गणपतीच्या सुट्टीनंतर मित्राच्या घरचे मोदक वर्गात येतात, ईदनंतर शीरखुर्म्याची चर्चा होते. हे सगळं त्या दुसऱ्या उत्तरातूनच येतं.

चौथी जागा: शिक्षा. कॅथलिक शाळा म्हणजे शिस्त, आणि शिस्त म्हणजे पट्टी, असं आपल्या आईवडिलांच्या पिढीचं गणित होतं. "मार खाल्ला म्हणून घडलो" असं काका-मामा अभिमानाने सांगतात. आज कायदा स्पष्ट आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, खुद्द कॅथलिक परंपरेतच याच्या विरोधातला मोठा माणूस आहे: इटलीतले डॉन बॉस्को. 1815 चा जन्म. तुरिन शहरात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसोबत त्यांनी आयुष्य काढलं. त्यांची पद्धत तीन गोष्टींवर उभी होती: समजावून सांगणं, श्रद्धा आणि माया. मूल चुकल्यावर फटकवण्यापेक्षा ते चुकण्याआधी त्याच्या जवळ असावं, असा त्यांचा आग्रह. एकोणिसाव्या शतकात! तेव्हा शिस्तीसाठी मारावंच लागतं असं कुणी परंपरेच्या नावाने सांगत असेल, तर परंपरा नीट वाचली पाहिजे.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. इथपर्यंत ऐकलंत तर हेही ऐका.

मराठी माध्यमाच्या शाळांचा पट घसरतोय ही महाराष्ट्रभरची गोष्ट आहे. वसईही त्याला अपवाद नाही. धर्मग्रामातल्या ज्या घरांनी एकेकाळी शाळेसाठी जागा दिली, विटा वाहिल्या, त्याच घरांतली नातवंडं आज इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये चढतात. मी त्यांना दोष देत नाही. नोकरीची भीती खरी आहे. पण मग मराठी वर्गात उरतं कोण? पाड्यावरची मुलं. मजुरांची मुलं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची मुलं. आणि मग पालकसभेत, चर्चच्या कट्ट्यावर एक वाक्य ऐकू येतं: "आता आपली मुलंच नाहीत, तर शाळा कशाला चालवायची?"

या वाक्यावर जरा थांबू. 'आपली' म्हणजे कोणाची?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणावर एक जाहीरनामा काढला. त्यात म्हटलंय की मुलांचे पहिले शिक्षक आईवडीलच. कॅथलिक शाळेचं वैशिष्ट्य म्हणजे तिथलं वातावरण, स्वातंत्र्याचं आणि प्रेमाचं. आणि पुढे असंही म्हटलंय की जे पैशाने गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार नाही, आणि ज्यांची श्रद्धा ख्रिस्ती नाही, त्यांची काळजी या शाळांनी विशेष घ्यावी. आता हा निकष लावा. ज्या वर्गातून 'आपली' मुलं निघून गेली आणि पाड्यावरची आली, तो वर्ग या जाहीरनाम्याच्या दृष्टीने कमी कॅथलिक झाला की जास्त? माझं उत्तर तुम्हाला कळलंच असेल.

भाषेचंही तसंच. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शाळेत वाचन लॅटिनमधून सुरू व्हायचं. जाँ बाप्तिस्त द ला साल नावाच्या धर्मगुरूने गरिबांच्या मुलांना आधी त्यांच्या फ्रेंच भाषेत वाचायला शिकवलं. 1950 मध्ये पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याने 'ख्रिस्तपुराण' मराठीत लिहिलं. ते 1616 मध्ये छापलं गेलं. आणि आपल्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी 'सुवार्ता' मासिक अनेक वर्षं चालवलं, मराठीत 'सुबोध बायबल' लिहिलं, आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ही परंपरा आकाशातून पडलेली नाही. कुठल्यातरी प्राथमिक वर्गात कुणीतरी 'अ' गिरवायला शिकवला, तिथून ती सुरू होते. इंग्रजी शिकूच नये असं मी म्हणत नाही. सेमी-इंग्रजी करा, इंग्रजीला चांगले शिक्षक द्या. पण मुलाला ज्या भाषेत रडता येतं, त्या भाषेत वाचायला आधी शिकवा.

मग आपण काय करायचं? आपण म्हणजे तुम्ही-आम्ही, विशी-पंचविशीतले, अजून मुलंबाळं नसलेले, पण ज्यांची प्राथमिक शाळा अजून तिथेच उभी आहे असे.

एक: शाळेत जा. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर शाळेचा जुना फोटो टाकून हार्ट मारण्यापेक्षा महिन्यातला एक शनिवार द्या. मुख्याध्यापकांना विचारून पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवा. खर्च शून्य.

दोन: पालकसभेत कुणी 'आपली मुलं' म्हणालं, तर प्रेमाने विचारा, "कोणती?" भांडू नका. फक्त विचारा.

तीन: घरात कुणी लहानग्यासाठी शाळा शोधत असेल, तर फी आणि निकालासोबत आणखी तीन गोष्टी बघायला सांगा. मधल्या सुट्टीत मुलं कुणाबरोबर जेवतात? मूल चुकलं तर बाई काय करतात? आणि शाळेतल्या मावशींना मुलं कशी हाक मारतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शाळेच्या माहितीपत्रकात मिळणार नाही, फाटकाजवळ पाच मिनिटं उभं राहिलात की मिळेल.

हे फक्त कॅथलिक शाळेला लागू आहे का? अजिबात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत, मदरशाच्या शेजारच्या उर्दू शाळेत, संघाच्या किंवा समाजाच्या कुठल्याही शाळेत हीच परीक्षा आहे. प्रत्येक संस्था म्हणते आमची मूल्यं आहेत. ती खरी आहेत की नाही, हे त्या शाळेतलं सगळ्यात एकटं पडलेलं मूल सांगू शकतं.

तुमच्या शाळेतली अशी एखादी जागा आठवत असेल, खिचडीची रांग, मैदानाचा कोपरा, काहीही, तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. एक मिनिटाचा पुरे. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले काही ऐकवतो. तोपर्यंत काळजी घ्या, आणि जमलं तर आज तुमच्या जुन्या बाईंना एक फोन करा. त्यांना तुमचं नाव आठवेल, बघा!