मालिका बघा, पण स्टॉपवॉच लावून

आजचा भाग छोटासाच आहे.

अकरावीत मी सीबीएसईचा मास मीडिया स्टडीज हा विषय घेतला. घरी पहिला प्रश्न आला, "टीव्ही बघायचा, मासिकं चाळायची, हा काय अभ्यास झाला?" खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं.

मग मॅडमनी गृहपाठ दिला. मालिकेचा एक भाग स्टॉपवॉच लावून बघा. केबल टीव्हीच्या नियमांनुसार जाहिराती तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं. त्या मोजा. मग कोण किती बोललं, तेही मोजा.

मी आईसोबत बसले. आई लोकांकडे घरकामं करते. मालिकेत भलामोठा बंगला आणि चहा आणणारी एक बाई. अख्ख्या भागात तिला एकच वाक्य, "आणते, बाईसाहेब." नाव नाहीच. मग मासिक उघडलं. पानभर जाहिरात, चकाचक स्वयंपाकघर, पण भांडी घासणारं कुणीच नाही.

आई हसत म्हणाली, "अगं, मग हे चकाचक केलं कुणी?"

तोच माझा प्रोजेक्ट झाला. तोवर मी वर्गात "आई जॉब करते" एवढंच सांगायचे. त्या दिवशी सगळ्यांसमोर आईचं काम काय आहे ते नीट सांगितलं.

या विषयानं मला एवढं शिकवलं: पडद्यावर काय आहे ते सगळेच बघतात. कोण नाहीये, तेही बघायचं.

आज रात्री तुम्ही पण मोजा. भेटू पुढच्या भागात!