पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षानिमित्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या ग्रंथालयाच्या बाकावर बसून मी माझ्या परीक्षांची तयारी केली, त्याच ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात 'अभ्यास आणि यश' या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. या ऋणात थोडा संकोचही मिसळलेला आहे. यशाविषयी बोलणाऱ्याने गुणवत्ता यादीत झळकलेले असावे, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी तसा झळकलेला विद्यार्थी नव्हे. उलट, महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी मी अर्थशास्त्रात अनुत्तीर्ण झालो होतो. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, ते शिखरावर बसलेल्याचे प्रवचन नाही. वाटेत ठेच लागलेल्या माणसाची ती हकिकत आहे, एवढे आपण लक्षात ठेवावे.

आपली उज्जयिनी ही विद्येची नगरी. अंकपाताजवळच्या सांदीपनी आश्रमात श्रीकृष्णाने चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्या, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या अध्यापनात मला असे आढळले की, आमच्या विद्यार्थ्यांनी या कथेचा एक सोयीस्कर अर्थ लावून घेतला आहे. भगवंताला चौसष्ट कलांना चौसष्ट दिवस पुरले, तर आम्हांला पाच विषयांना शेवटचे पाच दिवस पुरेसे आहेत! परंतु आपण देव नाही, आणि आपला परीक्षकही सांदीपनी ऋषी नाही. आपल्याला वेगळी वाट धरावी लागते.

ती वाट मला कशी सापडली, ते प्रथम सांगतो. त्या काळी परीक्षांचे निकाल वर्तमानपत्रात छापून येत. त्या सकाळी उत्तीर्णांच्या रकान्यात माझा क्रमांक नव्हता. वडील रागावले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली, ते कपाटावर ठेवले आणि ते कचेरीत निघून गेले. ती घडी मला आजही दिसते. मला सर्वांत जास्त बोचत होते ते हे की, मी आळस केला नव्हता. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी वाचीत होतो. पुस्तकातल्या ओळींखाली लाल पेन्सिलीने इतक्या रेघा मारल्या होत्या की, रेघ नसलेली ओळच शोधावी लागली असती.

पुरवणी परीक्षेसाठी मी या ग्रंथालयात येऊन बसू लागलो. येथे रोज सायंकाळी वर्तमानपत्रे वाचायला एक वयोवृद्ध सभासद येत. ते निवृत्त शिक्षक होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. माझी लाल पेन्सिल त्यांनी चार-सहा दिवस पाहिली असावी. एके दिवशी ते माझ्या शेजारी येऊन बसले, उघड्या पुस्तकावर त्यांनी हात ठेवला आणि ते मिटून टाकले.

"आता सांग, काय वाचलंस?"

मी दोन वाक्ये बोललो आणि थांबलो. मग घाईघाईने म्हणालो, "काका, मला येतं सगळं. फक्त आत्ता आठवत नाही."

ते हसले. "जे आठवत नाही, ते येतं असं तुला कुणी सांगितलं रे?"

मित्रहो, अभ्यासावर पुढे मी अनेक ग्रंथ वाचले, पण या एका प्रश्नाएवढे मला कोणी शिकविले नाही. त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि सांगितले की, एक प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटायचे, आठवेल तेवढे लिहायचे, मग पुस्तक उघडून काय राहिले ते पाहायचे. पहिले आठ दिवस तो कागद जवळजवळ कोराच राही. मान खाली जाई. पण हळूहळू तो भरू लागला. पुरवणी परीक्षेत मी उत्तीर्ण झालो. गुण बेताचेच होते, पण ते माझे होते.

काकांनी अनुभवाने जे सांगितले, त्याला शास्त्राचा आधार आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणशक्तीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि काही काळाने ते पुन्हा पाठ करण्यास किती श्रम वाचतात हे मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. एका दिवसानंतर पहिल्या श्रमांपैकी जेमतेम एक-तृतीयांश श्रम वाचत, असे त्याला दिसून आले. म्हणजे विसरणे हा आपल्या बुद्धीचा दोष नसून तो मनाचा धर्म आहे. त्याच ग्रंथात त्याने असेही नोंदविले की, एकाच बैठकीत केलेल्या पुष्कळ आवृत्त्यांपेक्षा दिवसादिवसांच्या अंतराने केलेल्या थोड्या आवृत्त्या अधिक लाभतात.

दुसरा प्रयोग अलीकडचा, २००६ सालचा. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतील दोन संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना शेकडा ८१ भाग आठवला, तर लिहिणाऱ्यांना ७५. परंतु तीच परीक्षा एका आठवड्याने घेतली, तेव्हा पारडे फिरले. पुन्हा वाचणाऱ्यांना शेकडा ४२ भाग आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. पाच मिनिटांनंतरचा तो ८१ चा आकडा नीट पाहा. माझी लाल पेन्सिल मला रोज रात्री हाच आकडा दाखवीत होती. वाचलेले डोळ्यांना ओळखीचे वाटते आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. परीक्षा मात्र पाच मिनिटांनी नसते, आणि आयुष्य तर त्याहूनही उशिरा प्रश्न विचारते.

येथे कोणी म्हणेल, ही तर घोकंपट्टीच झाली. तसे नाही. आपल्या वेदपाठशाळांत गुरुजी पोथी समोर ठेवू देत नाहीत, ते मुखाने म्हणवून घेतात. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी तीच पदे निरनिराळ्या क्रमाने म्हणवून घेतात. जिभेच्या सवयीने शब्द पुढे ढकलणे त्या पद्धतीत निभत नाही. घोकंपट्टीत माणूस न तपासता पुनरुक्ती करतो. अभ्यासात तो प्रत्येक आवृत्तीला स्वतःची परीक्षा घेतो. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

दुसरी गोष्ट नियमितपणाची. तिचा धडा घेण्यासाठी आपल्याला दूर जायला नको. क्षिप्रेच्या काठची आपली वेधशाळा आपण सर्वांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने ती उभारली. पुढे ती जीर्ण झाली, आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने तिचा जीर्णोद्धार झाला. गोविंद सदाशिव आपटे हे गणिती ज्योतिषी तिचे अधीक्षक झाले. तेथला शंकू पाहा. सपाट जागेवर उभी केलेली एक काठी, याहून त्यात काही नाही. तिच्या सावलीचे टोक एक दिवस पाहिले, तर तो नुसता एक ठिपका असतो. पण रोज मध्यान्ही तो ठिपका मांडीत गेलो, तर वर्षाअखेर सूर्याचे उत्तरायण, दक्षिणायन, विषुवदिन सारे त्या जमिनीवर उमटते. आपले गाव कर्कवृत्तानजीक आहे, म्हणून २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीची ती सावली जवळजवळ नाहीशी होते. हे कळण्यासाठी मोठी दुर्बीण लागली नाही. रोज त्याच वेळी त्याच जागी जाणारा माणूस लागला.

रोजचे दोन तास आणि परीक्षेआधीची जागरणे यांत हाच भेद आहे. अभ्यासाची वेळ ठरवा, जागा ठरवा, आणि त्या वेळी भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवा. तो उशाशी ठेवून 'मी पाहत नाही' म्हणणारा विद्यार्थी अर्धे लक्ष न पाहण्यात खर्च करीत असतो. झोपही मोडू नका. दिवसा वाचलेले मनात मुरण्यास रात्रीची झोप लागते. मी ती मोडून पाहिली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे.

तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी, म्हणजे माळव्यातल्या मराठी घरांतील मुलांसाठी. आपण घरी मराठी बोलतो, बाजारात आणि वर्गात हिंदी, आणि पुस्तके पुष्कळदा इंग्रजीत असतात. पुष्कळ पालक याला अडचण मानतात. माझ्या मते ती एक सोय आहे. इंग्रजीत वाचलेला सिद्धान्त रात्री जेवताना आजीला मराठीत सांगून पाहा. पारिभाषिक शब्दांच्या आड लपण्याची सोय तेथे राहत नाही. आजीने "म्हणजे काय रे बाळा?" असे विचारले आणि आपल्याला उदाहरण देता आले, तर विषय समजला. नाही आले, तर पुन्हा पुस्तकाकडे. आजीएवढी निष्पक्ष परीक्षक कोणत्याही विद्यापीठाला मिळालेली नाही.

आता यशाविषयी. यश म्हणजे केवळ गुणपत्रिका असे मानले, तर या गावाने घडविलेली काही माणसे आपल्याला ओळखताच येणार नाहीत. डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर आपल्यातील अनेक ज्येष्ठांना आठवत असतील. १९१९ साली नीमचला जन्मलेला हा चित्रकार उज्जैनचा झाला आणि येथे त्यांनी भारती कला भवन उभे केले. हातात कायम कागद-पेन्सिल, आणि दिसेल ते रेखाटण्याची सवय. १९५४ च्या सुमारापासून ते शैलचित्रांच्या मागे लागले. १९५७ साली रेल्वेने जाताना त्यांना दूरवर काही खडकाळ टेकड्या दिसल्या. ते गाडीतून उतरले आणि त्या टेकड्यांकडे गेले, असे सांगतात. तीच ती भीमबेटका. तेथे सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत आणि २००३ साली युनेस्कोने त्या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्याजवळचे कायथा येथील ताम्रपाषाणयुगीन स्थळही त्यांनीच उजेडात आणले. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण शैलचित्रांवरील प्रबंधासाठी पुणे विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना मिळाली, ती वयाची पन्नाशी उलटल्यावर. पदवी कामाच्या मागून आली.

त्या गाडीच्या खिडकीतून त्या टेकड्या त्यापूर्वी हजारो प्रवाशांनी पाहिल्या होत्या. वाकणकरांची नजर मात्र वर्षानुवर्षे रोज पाहण्याने आणि पाहिलेले कागदावर उतरविण्याने तयार झाली होती. दैव आले ते तयार नजरेकडे.

दुसरे नाव गजानन माधव मुक्तिबोधांचे. मराठी घरातला हा मुलगा पुढे हिंदीचा थोर कवी झाला आणि त्याचा धाकटा भाऊ शरच्चंद्र मराठीत कवी आणि समीक्षक म्हणून मान्यता पावला. १९३० साली याच उज्जैनमध्ये मिडलच्या परीक्षेत गजानन अनुत्तीर्ण झाले होते. एम.ए. त्यांनी केले ते पस्तिशी उलटल्यावर, नोकरी आणि संसार सांभाळीत. १९५८ साली राजनांदगावच्या महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकी मिळाली आणि १९६४ साली ते गेले. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांना पाहावयास मिळाला नाही. हे उदाहरण मी अपयशाचे कौतुक करण्यासाठी देत नाही. अपयश कडू असते, ते मी चाखलेले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, त्या मुलाला १९३० सालच्या निकालावरून कोणी मोजले असते, तर मोजणाराच अनुत्तीर्ण ठरला असता. पालकांनाही माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या मुलाचा क्रमांक यादीत नसेल त्या दिवशी वर्तमानपत्राची घडी जरूर घाला, पण कचेरीत जाण्यापूर्वी त्याच्या पाठीवर एकदा हात ठेवा. माझे वडील प्रेमळ होते. तो हात ठेवण्याचे त्यांना सुचले नाही, एवढेच.

शेवटी आपल्या या ग्रंथालयाविषयी. आज वाचनकक्षातल्या साऱ्या खुर्च्या भरलेल्या पाहून मला आनंद झाला. पण मी जवळ जाऊन पाहिले, तर बहुतेकांसमोर स्पर्धा-परीक्षांची स्वतःची पुस्तके होती. ग्रंथालयाची खुर्ची, पंखा आणि शांतता त्यांच्या उपयोगी पडत होती. भिंतीलगतची कपाटे मात्र बंद होती. या मुलांना मी दोष देणार नाही. नोकरीची चिंता खरी आहे, आणि शांत कोपरा प्रत्येक घरी नसतो. तो कोपरा देणे हेही ग्रंथालयाचे पुण्यकर्मच आहे. परंतु मित्रांनो, शंभर वर्षे पै-पै जमवून सभासदांनी ही कपाटे भरली, ती तुमच्या पाठीमागे उभी राहण्यासाठी नव्हे. महिन्याला एक पुस्तक त्यांतून घ्या, जे कोणत्याही परीक्षेला लावलेले नाही. वाचून झाले की ते मिटा आणि एका कागदावर लिहा, माझ्यापाशी काय उरले?

ग्रंथालयाच्या चालकांनाही एक सुचवावेसे वाटते. वाचनकक्षात एका टेबलावर कोरे कागद ठेवावेत आणि आठवड्यातून एका सायंकाळी एखाद्या ज्येष्ठ सभासदाने तेथे येऊन बसावे. मोठे शिक्षण हवे असे नाही. मुलाचे उघडे पुस्तक मायेने मिटून "आता सांग" म्हणता आले, म्हणजे झाले. ज्या काकांनी माझे पुस्तक मिटले, ते आज नाहीत. त्यांची खुर्ची खिडकीपाशी होती. पुढच्या आठवड्यापासून दर गुरुवारी सायंकाळी मी तेथे बसणार आहे. ज्याला यावेसे वाटेल, त्याने पुस्तक घेऊन यावे.